राणी घरात येते

वाईच्या ढोल्या गणपतीला हात जोडून एस.टी. पसरणीचा घाट चढू लागली, की वारा बदलतो. पाचगणी मागे पडते आणि महाबळेश्वरचे रान सुरू होते. आपली मंडळी येथे येतात ती पॉइंट पाहायला आणि स्ट्रॉबेरी खायला. फाल्गुनात मी गेलो तो मात्र माश्यांच्या एका पेटीसाठी.

हा मुलूखच मधाचा. याच तालुक्यातले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. माझे यजमान आबा अशाच एका वाडीत राहतात. अंगणाच्या कडेला त्यांच्या सातेरी माश्यांच्या पाच पेट्या. पाचवीला कान लावून ते म्हणाले, “ऐका, ही पेटी रडते आहे.”

खरेच, इतर पेट्यांचा सूर एकसंध होता; हिचा मात्र कण्हल्यासारखा. हिची तरुण राणी मीलनाच्या उडाणाला गेली ती परतलीच नव्हती. वाटेत वेड्या राघूने टिपली असावी. पोळ्यात कोवळी अळी असती, तर माश्यांनी तिला राजान्न भरवून नवी राणी घडवली असती. पण अंडी घालणारीच उरली नव्हती, मग अळी कोठली? असेच चालले तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. त्यातून नुसते नर निपजतात आणि वसाहत संपते. इकडे जांभळीला कळ्या धरल्या होत्या. फुलोरा उघडेल तेव्हा मध आणायला कोणी उरणार नव्हते.

आबांच्या पुतण्याने दुसऱ्या खोऱ्यातून अंड्यावरची राणी आणली होती, काडेपेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात. मी म्हटले, “सोडा की लगेच!”

आबा हसले नाहीत. “गेल्या साली तसेच केले. मुठीएवढा गोळा करून त्यांनी तिला आत कोंडली. गोळा पाण्यात टाकला, माश्या सुटल्या. पण राणी मेलेली निघाली. पेटीही गेली. चूक माझी होती, त्यांची नव्हे.”

माशी माशीला ओळखते ती वासाने. राणीच्या अंगचा वास माश्या एकमेकींना चाटून घरभर पोहोचवतात. त्यावरून ‘आई घरात आहे’ हे साऱ्यांना कळते. परकीचा वास आला, की ती वैरीण. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने अठराव्या शतकाच्या अखेरीस राणी बदलण्याचे प्रयोग केले. तो अंध होता. नोकर पाहून सांगे आणि हा ताडून घेई. आबांनी ह्यूबरचे नावही ऐकलेले नाही, पण एक पेटी गमावून तेही थांबायला शिकले.

पिठीसाखर मधात मळून त्यांनी गोळी केली आणि पिंजऱ्याच्या तोंडाशी ठासली. वर टोपण लावले. चौकटी एकेक उचलून कोठे राणीचे घर बांधलेले नाही ना, एका घरात दोन-दोन अंडी नाहीत ना, हे पाहिले. मग दोन पोळ्यांच्या मध्ये पिंजरा अडकवला.

दुसऱ्या दिवशी धुराचा हलका झोत देऊन पाहिले. माश्या जाळीला चावे घेत घट्ट चिकटल्या होत्या. आबांनी मुकाट्याने झाकण लावले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच माश्या जाळीतून सोंड घालून राणीला भरवत होत्या. बोटाने सारल्या तर सहज बाजूला होत होत्या. आता आबांनी टोपण काढले. पुढचे काम माश्यांचे. गोळी खात खात त्यांनीच वाट मोकळी करायची, आणि तेवढ्या वेळात राणीला घरचा वास लागायचा.

आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. मी म्हटले, “म्हणजे नव्या सुनेसारखेच की! घरात रुळायला दोन दिवस द्यायचे.”

आतून काकूंचा आवाज आला, “आम्हांला कुठं दिले हो कुणी दोन दिवस? माप ओलांडलं आणि चूल दाखवली!”

आबांनी बशी खाली ठेवली. काही बोलले नाहीत; पण थोड्या वेळाने उठून त्यांनी सगळ्यांच्या कपबश्या स्वतः विसळल्या.

आठवड्याने त्यांचा फोन आला. “अंडी दिसली. एका घरात एकच, अगदी तळाशी. पेटी रडायची थांबली.” मागून काकू काहीतरी म्हणाल्या आणि दोघेही हसले.