पट मोजणारे फौजदार

आमच्या गावचे फौजदार या पावसाळ्यात गेले. वय नव्वदीच्या घरात होतं. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ते नगरपालिकेच्या ज्या शिक्षण मंडळावर बसले, ते मंडळ त्यांच्या कितीतरी आधी गेलं होतं. फौजदारांच्या मागे गाव जमलं. मंडळ गेलं तेव्हा मात्र त्याच्याविषयी कोणी दोन ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून ही श्रद्धांजली दोघांना मिळून आहे.

जुनी माणसं त्या मंडळाला शेवटपर्यंत स्कूल बोर्डच म्हणत. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि ही बोर्डं उभी राहिली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यांची घडी नव्याने बसवली. प्रशासन अधिकारी सरकारने द्यायचा, सभासद बव्हंशी स्थानिक संस्थेने निवडायचे, अशी ती रचना होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यांची बोर्डं त्यांत विरून गेली, शहरांतली टिकली. पुढे २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा अमलात आला, २०१३ मध्ये राज्याने १९४७ चा कायदाच रद्द केला, आणि मुदती संपतील तशी शहरांतली मंडळंही बंद होत गेली.

माझी आई या मंडळाच्या मुलींच्या शाळेत बाई होती. त्यामुळे फौजदारांचं मंडळावरचं वागणं मला रोज संध्याकाळी घरात ऐकायला मिळायचं, आधी धास्तीच्या सुरात आणि नंतर आदराच्या.

ते ३१ मे रोजी निवृत्त झाले. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांची एक मोठी पिढी याच तारखेला घरी गेली आहे, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणालाच ठाऊक नसे आणि गुरुजी सरसकट १ जून लिहून टाकत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. फौजदारांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते भाद्रपदातले होते. कागदावर जूनमधले राहिले. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती. मंडळावर आल्यावर त्यांनी पहिला आग्रह धरला तो जन्मतारखांचा. पहिलीत मूल दाखल करताना नगरपालिकेच्या जन्मनोंदीचा उतारा बघा, आई-बापाला यायला जमत नसेल तर शिपाई पाठवून उतारा काढून आणा, पण अंदाजाने तारीख टाकू नका. शिक्षकांना हा उगाचचा त्रास वाटायचा. फौजदारांनी एका बैठकीत त्यांना समजावून सांगितलं. ठाण्यात आणलेलं पोर पंधराचं की अठराचं, याचा वाद कोर्टात जातो तेव्हा शाळेचं रजिस्टर उघडलं जातं. पोर रिमांड होममध्ये जाणार की तुरुंगात, हे त्या एका ओळीवर ठरतं. मुलीच्या लग्नाचंही तसंच. "मास्तर, तुम्ही तारीख लिहिता तेव्हा निकालपत्रच लिहिताय," असं ते म्हणाल्याचं आई सांगायची. त्यानंतर तिच्या शाळेत कोणी अंदाजाने तारीख टाकली नाही.

शाळांना भेट देणं हे सभासदाचं काम होतंच. बहुतेक जण मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन, शेरेबुकात 'शाळेची प्रगती समाधानकारक' असं लिहून परतत. फौजदार थेट वर्गात जात आणि मुलं मोजत. तोंडाने आकडे म्हणत नसत, नुसती नजर फिरवत. जत्रेच्या आणि मोर्च्याच्या बंदोबस्तात आयुष्य गेलेल्या माणसाला गर्दी मोजायला बोट लागत नाही. मग हजेरीपट मागवत. नंतर शेरेबुकात ते ठाण्याच्या डायरीसारखी नोंद करत. आल्याची वेळ, पटावर किती, हजर किती, स्वतः मोजले किती, कोण का गैरहजर आणि ते कोणाकडून कळलं, गेल्याची वेळ. विशेषण एकही नाही. या नोंदींचा शिक्षकांनी धसका घेतला, कारण त्यांच्यावर वाद घालायला जागाच नसे.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये शालेय पोषण आहाराची योजना आली. आपल्याकडे तेव्हा शिजवलेलं अन्न नसे; ज्याची हजेरी ऐंशी टक्के, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. हजेरीच्या टिंबाला आता तांदळाची किंमत आली होती. फौजदारांना यातला धोका लगेच दिसला. पण त्यांनी जे केलं त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. खोटी हजेरी शोधत ते गरिबांच्या मागे लागले नाहीत. मूल पटावर आहे, वर्गात नाही, पण तांदूळ जातोय, अशा ठिकाणी ते आधी मुलाच्या घरी जात. घर सापडलं नाही तर नाव कमी करायला लावत. घर सापडलं आणि मूल तिथे धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं दिसलं, तर तांदूळ चालू ठेवायचा आणि दोन्ही भावंडांना शाळेत बसू द्यायचं, असं ते मुख्याध्यापकांना सांगत. हे नियमात बसत नव्हतं. त्याची जबाबदारी ते स्वतःच्या सहीने घेत.

पुढे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या राज्याची पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली, आणि पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नाहीत. तोवर फौजदार मंडळावर नव्हते. पेपर वाचून ते खूप अस्वस्थ झाले. सगळ्यांनी एकदम तीन दिवस मोजण्यापेक्षा एकेकाने रोज मोजलं असतं तर, एवढंच म्हणत राहिले.

पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम दुसरंच आहे. फौजदार मंडळावर येणार म्हटल्यावर काही पालक खूश झाले होते. आता शाळेत शिस्त येणार, पोरं सुतासारखी सरळ होणार. झालं उलट. मंडळाच्या शाळांतली छडी त्यांनी जितकी शिंगावर घेतली तितकी कोणी घेतली नसेल. एका शाळेत चोरीच्या संशयावरून एका मुलाला फटके बसले आणि त्याने कबूल केलं. मुख्याध्यापकांनी ते अभिमानाने सांगितलं. फौजदार म्हणाले, पोलिसापुढं दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम आहे, आणि ते कलम का आहे ते मला विचारा. मार खाणारा खरं बोलत नाही, सुटण्यापुरतं बोलतो. "मी आयुष्यभर हे पाहिलंय मास्तर. जे कोर्ट माझं ऐकत नव्हतं, ते तुमचं का ऐकावं?" त्या दिवशी त्यांनी स्वतः तपास केला. वस्तू सापडली ती कपाटामागे पडलेली. मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली, कारण फौजदार त्याशिवाय शाळेतून हलायला तयार नव्हते.

शाळेतली मारहाण कायद्याने बंद झाली ती २०१० मध्ये, शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने. आमच्या गावात तिची लाज वाटायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती, आणि ती वाटायला लावणारा माणूस खाकीतून आलेला होता. पोलिसी खाक्या म्हणून आपण जे म्हणतो तो आतून पाहिलेल्या माणसानेच तो मुलांपासून दूर ठेवला.

शाळा सोडणाऱ्या मुलांविषयी त्यांचा एक ठाम समज होता. शाळेच्या पटावरून कमी झालेलं नाव दोन-चार वर्षांनी ठाण्याच्या डायरीत भेटतं. तो प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरा नव्हता, आणि आईला तो थोडा कठोरही वाटायचा. गळालेली बहुतेक मुलं निमूटपणे वीटभट्टीवर नाहीतर हॉटेलात कामाला लागत. पण त्या समजापायी फौजदार सायकल काढून दारोदार फिरले. मुलींच्या शाळेत संडास बांधून घेण्यासाठी त्यांनी दोन वर्षं प्रत्येक बैठकीत एकच मुद्दा लावून धरला. बंदोबस्तावर महिला पोलिसांचे होणारे हाल त्यांनी पाहिले होते. मोठ्या मुली पाचवीनंतर का येईनाशा होतात हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

सगळंच त्यांना कळत होतं असं नाही. आनंददायी शिक्षणाचे वारे आले तेव्हा गाणी, गोष्टी, वर्गात गोल करून बसणं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मुलं ओळीत बसली पाहिजेत, पाढे मोठ्याने म्हटले पाहिजेत. आई यावरून त्यांच्याशी भांडली आहे, आणि माझ्या मते आईचं बरोबर होतं. त्यांचा आवाजही असा की पहिलीची मुलं त्यांना पाहून रडायला लागत.

आणि मंडळ? ते धुतल्या तांदळासारखं नव्हतं. बदल्यांसाठी सभासदांच्या घरी खेटे घालावे लागत. गणवेशाच्या, बाकांच्या खरेदीवरून कुजबुज चाले. फौजदार विरोध नोंदवत, इतिवृत्तात आपलं नाव लिहायला लावत, आणि मतदानात हरत. राज्यभरातल्या अशाच तक्रारींनी मंडळांविषयी कोणाला माया उरली नाही. बरखास्तीची कारणं खोटी होती असं मी म्हणणार नाही.

मात्र त्या कारभाराबरोबर आणखी एक गोष्ट गेली. शिक्षणखात्याबाहेरचा, गावातला, रस्त्यात थांबवून जाब विचारता येईल असा माणूस शाळेच्या कारभारात बसू शके, ती खुर्ची गेली. आज प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पाऊण भाग पालक आहेत, निम्म्या महिला आहेत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती एका शाळेची समिती. आपलं मूल बाहेर पडलं की पालकही समितीतून बाहेर पडतात. ज्याचं स्वतःचं मूल तिथे शिकत नाही, तरी सगळ्या गावच्या शाळा डोळ्यांखाली ठेवतो, असं कोणी तिच्यात बसत नाही. फौजदारांची नातवंडं खाजगी शाळेत होती. त्यांनी मोजलेली सगळी मुलं लोकांची होती.

मंडळाच्या कमी पटाच्या शाळा आता एकमेकींत मिसळल्या आहेत आणि जुनी दप्तरं पालिकेच्या एका खोलीत आणून टाकली आहेत. त्यांत फौजदारांच्या अक्षरातली शेरेबुकं आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीतलं कोणतं मूल का आलं नाही, याची आमच्या गावात दुसरी नोंद नाही. पालिकेने ती रद्दीत काढण्याआधी गावच्या वाचनालयाकडे द्यावीत. वाचनालय ती ठेवून घ्यायला तयार आहे. मी विचारलं आहे.