न वाजलेल्या सुरांचे श्रेय

काव्यशास्त्राच्या तासाला ध्वनिसिद्धान्त शिकवताना दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, हा दडलेला अर्थ कवी ठरवून ठेवतो, की तो आपोआप येतो?" यंदा उत्तर शोधताना मला आनंदवर्धनाऐवजी नाईल रॉजर्स हा न्यूयॉर्कचा फंक गिटारवादक आठवला, आणि त्यापाठोपाठ स्वतःचा एक जुना अपराधही.

रॉजर्स आणि बासगिटारवादक बर्नार्ड एडवर्ड्स यांनी १९७०च्या दशकात 'शीक' हा वाद्यवृंद उभा केला. फंक आणि डिस्को म्हणजे नाचण्याचे संगीत. गंभीर अभिरुचीच्या मंडळींनी नाक मुरडावे असे. पण या दोघांचा एक दंडक होता. प्रत्येक गाण्याला खोल, दडलेला अर्थ हवा. श्रोत्याला तो कळो न कळो, रचणाऱ्या दोघांना तो ठाऊक हवा. १९७९ सालचे 'गुड टाइम्स' हे गाणे वरवर मौजेचे, पण त्याच्या शब्दांत महामंदीच्या काळातील गाण्यांचे पडसाद आहेत. आर्थिक चणचणीच्या दिवसांत सुखाचे गाणे गाण्यातला हा उपरोध ठरवून आणलेला होता.

'ल फ्रीक'ची जन्मकथाही अशीच. १९७७च्या अखेरच्या रात्री गायिका ग्रेस जोन्सचे निमंत्रण असूनही 'स्टुडिओ ५४' या नृत्यगृहाच्या दारावरून दोघांना परत पाठवण्यात आले. रॉजर्सच्या घरी येऊन संतापाच्या भरात दोघे वाजवू लागले, आणि द्वारपालाला उद्देशून एक शिवी त्या ठेक्यावर चपखल बसली. पुढे शिवीच्या जागी नाचाचे आवाहन आले आणि १९७८ साली ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या दाराने अपमान केला, त्या दाराआडचे लोकही त्यावर नाचले असतील. व्यंजना म्हणतात ती आणखी काय असते?

मला अधिक अस्वस्थ केले ते रॉजर्सच्या वादनाने. त्याचा उजवा हात अखंड वरखाली फिरत असतो; डाव्या हाताची बोटे मात्र क्षणोक्षणी तारांवरचा दाब सैल करतात. त्या क्षणी सूर उमटत नाही, नुसता कोरडा आघात ऐकू येतो. या न वाजलेल्या सुरांमुळेच वाजलेले सूर नाचू लागतात. आणि ही लकब, जिला आज सारे जग रॉजर्सची शैली म्हणून ओळखते, ती त्याला शिकवली एडवर्ड्सने. एकाच्या बोटांत दुसऱ्याचा कान होता. गाण्यांवर दोघांची नावे असत, ती केवळ सौजन्य म्हणून नव्हे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी महाविद्यालयात असताना मी एक एकांकिका लिहिली. 'लिहिली' हे क्रियापद मी एकवचनी वापरतो आहे, आणि दुखणे तेच आहे. माझी लांबलचक स्वगते मित्र वाचायचा आणि पेन्सिलीने खोडायचा. "इथे त्याला गप्प बसू दे," एवढेच म्हणायचा. आम्ही कडाडून भांडायचो. प्रयोगानंतर लोकांनी वाखाणल्या त्या नेमक्या त्या गप्प जागा. संहिता वार्षिकांकात छापली गेली, तेव्हा तिच्यावर एकट्या माझे नाव होते. मनाशी मी युक्तिवाद केला होता : त्याने लिहिले कुठे काही? त्याने तर फक्त खोडले! तो कधी काही बोलला नाही. हळूहळू पत्रे थांबली.

'गुड टाइम्स'मधली एडवर्ड्सची बासची धून त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' या गाण्यात वापरली गेली, तेव्हा या दोघांनी हरकत घेऊन रचनाकार म्हणून आपली नावे तिथे लावून घेतली. ती आग्रही वृत्ती माझ्या मित्राकडे नव्हती. पण ज्याला भांडता येत नाही त्याचा हक्क कमी होत नाही, हे साहित्याच्या अध्यापकाला कुणी सांगायला नको होते.

एप्रिल १९९६मध्ये टोकियोत आजारी असतानाही एडवर्ड्सने कार्यक्रम रद्द करू दिला नाही. तो वाजवला आणि त्यानंतर काही तासांतच हॉटेलच्या खोलीत त्याचे निधन झाले. रॉजर्सनेच त्याला तिथे पाहिले. पुढे २०१३ साली 'डाफ्ट पंक'बरोबरच्या 'गेट लकी'मधून रॉजर्सची गिटार नव्या पिढीपर्यंत पोहोचली. ती ऐकताना मला एडवर्ड्सने शिकवलेले थांबणेच आधी ऐकू येते.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने त्या एकांकिकेच्या प्रयोगाची परवानगी मागितली. "लेखक म्हणून तुमचेच नाव ना, सर?" असे तिने सहज विचारले. मी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो. रात्री खूप खटपट करून मित्राचा क्रमांक मिळवला आणि त्याला सारे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझ्या जुन्या सवयीने मी ती भरून काढायला निघालो होतो. या खेपेस मात्र थांबलो.

"दोन्ही नावे टाक," अखेर तो म्हणाला. "पण शेवटचे स्वगत अजून लांब आहे."