परार्धाच्या अलीकडं

12345678987654321. लीलावतीतल्या स्थानांनी मोजत गेलं, तर ही सतरा अंकी संख्या एकं, दहं करत ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. वर फक्त परार्ध उरतो. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला. त्याचा शिलालेख आमच्या औरंगाबादहून कन्नडचा घाट उतरून गेलं की चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मोठ्या संख्यांची ओढ या मुलखाला जुनीच.

ही संख्या मला भेटली औरंगाबादच्या शाळेत. बाईंनी 111111111 चा वर्ग पूर्ण मांडून करायला लावला. नऊ आडव्या ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. उजवीकडून बेरीज करत निघालं की पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधोमध नऊ आणि तिथून पुन्हा उतार. कुठंही हातचा नाही. मग बाईंनी आणखी एक 1 वाढवायला सांगितला. मधल्या घरात दहा जमले, हातचा आला आणि उत्तर निघालं 1234567900987654321. मनोरा मोडला. दशमान पद्धतीत नऊनंतर काय घडतं, ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

कॉलेजात असताना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं काम वाचनात आलं. 1930 ते 1962 देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या या माणसानं अशा संख्यांचा अभ्यास करून त्यांना ‘डेमलो’ हे एका रेल्वे स्थानकाचं नाव दिलं होतं. 6174 या संख्येवरच्या कामामुळं ते जगभर ओळखले जातात. मला मात्र त्यांच्या हर्षद संख्यांनी वेड लावलं. अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, ती हर्षद. माझ्या सतरा अंकांची बेरीज 81, आणि 81 नं भाग जातो. का जातो, ते अवयव पाडल्यावर उमगलं: 3 चा चौथा घात, 37 चा वर्ग आणि 333667 चा वर्ग. यावरून तिचे विभाजक निघतात 45. आता 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45! अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात.

मग दिसेल ती संख्या फोडायची सवय जडली. एमएच 20 च्या गाड्यांचे नंबर, पावत्या, पत्रावरचा 431001 हा आमचा पिनकोड. त्याची बेरीज 9, म्हणजे तोही हर्षद. अवयव पाडले: 3 चा चौथा घात, 17 आणि 313. फळ्यावरच्या त्या संख्येत होता तोच तीनाचा चौथा घात रोजच्या पत्त्यात निघाला, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

सगळ्याच संख्या अशा मोकळेपणानं उलगडत नाहीत. 2 चा 67 वा घात वजा 1 ही संयुक्त आहे, हे ल्युकास या गणितज्ञानं 1876 मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव कोल या दुसऱ्या गणितज्ञानं मांडले 1903 मध्ये. मूळ नाही हे ठाऊक, पण आत कोण आहे ते ठाऊक नाही, अशी सत्तावीस वर्षं गेली. आज तर हीच अडचण कामाला लावली आहे. इंटरनेटवरचे व्यवहार राखायला अनेक ठिकाणी 617 अंकी संयुक्त संख्या वापरतात. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. नुसता गुणाकार हाती देऊन त्या दोघी शोधायला सांगितलं की तोच संगणक थकतो.

मूळ संख्यांचे गोडवे पुष्कळांनी गायले. माझा जीव संयुक्त संख्यांत रमला, कारण तिथं विचारायला नेहमी एक प्रश्न असतो: तू कुणाकुणाची झालीस? कापरेकरांनी असे प्रश्न कागद-पेन्सिल आणि बेरीज-गुणाकारांच्या बळावर विचारले. भागाकार येणाऱ्या कुठल्याही मुलाला ते आजही विचारता येतात. शाळेनं एवढी गोडी लावली, तरी गणिताचं मोठं काम झालं असं मी मानतो.