जवाहर चौकातून हिरण्यवाहाकडे

भोपाळचा जवाहर चौक ज्या वस्तीत आहे तिला येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांचे नाव आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून येथे आल्यावर तेथील अनेक मराठी कर्मचारीही या शहरात स्थायिक झाले. शहराच्या टेकड्या विंध्य समूहातील वालुकाश्माच्या, म्हणजे थराथराने साचून घट्ट झालेल्या वाळूच्या आहेत. सोने जिथे दडलेले असते त्या वेगळ्या खडकांकडे जाणाऱ्याला मात्र राणी कमलापती स्थानकातून रेल्वे धरून, इटारसीमार्गे नर्मदा दोनदा ओलांडून, जबलपूर गाठावे लागते.

तेथील मदन महाल हा गोंडांचा लहानसा गड एका प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळेवरच उभा आहे. 1798 ते 1817 या काळात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर होता, परंतु गडाखालचा खडक सुमारे 170 ते 190 कोटी वर्षांपूर्वीच्या घडामोडींचा साक्षी आहे. त्या काळी महाकोशल या खडकपट्ट्यातील गाळाचे आणि लाव्हाचे थर दाबाखाली दुमडून पर्वत उभा राहिला व त्याच्या मुळाशी वितळलेला शिलारस वरच्या खडकांत घुसून भूपृष्ठाखालीच सावकाश थिजला. अशा घुसखोर खडकाला अंतर्भेदी खडक म्हणतात. त्याच्या उष्णतेने तापलेले आणि खोल खडकांतून पिळून निघालेले गंधकयुक्त पाणी सोने विरघळवून भेगांतून वर चढते आणि दाब घटला किंवा लोहयुक्त खडक भेटला की गारगोटीच्या शिरांत ते सोडून देते. म्हणून सोने बहुधा ग्रॅनाइटच्या पोटात नव्हे, तर त्याच्या अवतीभवतीच्या चिरफाळलेल्या खडकांत शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते. या भेगांचा प्रदेश आजही पुरता शांत नाही: 22 मे 1997 च्या भूकंपाने जबलपूर हादरले, तरी मदन महालाजवळ दुसऱ्या खडकावर तोललेली प्रसिद्ध शिळा जागची हलली नाही.

कटनीहून सिंगरौलीमार्गे चोपनकडे जाणारा लोहमार्ग महाकोशल पट्ट्याच्या सोबतीने उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात उतरतो. फेब्रुवारी 2020 मध्ये तेथे 3,000 टनांहून अधिक सोने असल्याची वार्ता पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मात्र सुमारे 52,806 टन खनिजात टनामागे 3.03 ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे 160 किलो सोन्याचा अंदाज असल्याचे स्पष्ट केले. टनभर दगडात चिमूटभर धातू, हेच सोन्याचे खरे प्रमाण आहे आणि तेवढ्यासाठीही निसर्गाला एक पर्वत घडवावा लागला, ही गोष्ट त्या अफवेहून कितीतरी विलक्षण आहे. पट्ट्याच्या कडेने वाहणाऱ्या शोण नदीला संस्कृतात ‘हिरण्यवाह’ हे नाव फार पूर्वीच मिळाले होते आणि ग्रीकांनी पाटलीपुत्राजवळ नोंदवलेली ‘एरॅनोबोअस’ ही नदी तीच असल्याचे मानले जाते.