हात आखडलाय की आणखी काही? व्यायामानंतरच्या दुखण्याबद्दल थोडं

पोलीस भरतीची चाहूल लागली की यवतमाळात माझ्या ओपीडीत ठरावीक पेशंट दिसू लागतात. वय वीस-बावीस, तब्येत ठणठणीत, पण दोन्ही कोपरं अर्धवट वाकलेली. केस विंचरता येत नाहीत, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. "डॉक्टरसाहेब, हात सरळच होऊन नाही राह्यला." सोबत आई असली तर तिचा प्रश्न वेगळाच असतो : "याले काही अटॅक-बिटॅक तं नाही ना?"

भरतीत धावण्यासोबत गोळाफेक असते आणि मुलांचा गोळा 7.26 किलोचा. त्यामुळे महिनाभर आधी सगळे जिमकडे धावतात आणि पहिल्याच दिवशी दंडांचा पार भुगा करून येतात.

जिममध्ये सांगतात, "लॅक्टिक ॲसिड साचलं." ते खरं नाही. हे ॲसिड व्यायामानंतर तास-दीड तासात रक्तातून निघून जातं, आणि हे दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत असावी, हे थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1902 मध्येच मांडलं होतं. इजा, मग सूज, मग दुखणं, असा तो क्रम आहे.

गंमत म्हणजे वजन उचलण्यापेक्षा खाली आणताना ही इजा जास्त होते. भरलेली बादली विहिरीत हळूहळू सोडून पाहा. दोर हातातून सुटू नये म्हणून स्नायू जोर लावतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. डंबेल खाली आणताना दंडाचं तेच होतं. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बायांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस अंग ठणकतं, पुढे काम तेच असून दुखत नाही. स्नायू एकदा सावरला की काही आठवडे तेवढ्या श्रमाला पुरून उरतो. (दिवाळीत कपाटं सरकवल्यावर माझेही दंड तिसऱ्या दिवशी बोलतात. डॉक्टर असल्याची सूट मिळत नाही.)

असं साधं दुखणं पाच-सात दिवसांत आपोआप जातं. हात हलका हलवत राहा, बरं वाटत असेल तर शेका, पाणी आणि झोप पुरेशी घ्या. जोरात रगडून मालिश नको. अगदीच सहन होत नसेल तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालेल. दुखऱ्या स्नायूवर त्याच आठवड्यात पुन्हा जड वजन मात्र अजिबात नको.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते. एका मे महिन्यात असाच एक मुलगा आला. चार दिवसांपूर्वी मित्रांच्या पैजेवर शेकडो जोर आणि पुलअप्स मारलेले, तेही भर उन्हाळ्यात, पाणी जेमतेम पिऊन. दंड सुजून टणक झालेले. मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तीन दिवस सुरू होत्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती आणि घरचे त्याला काविळीचं गावठी औषध द्यायला निघाले होते.

डोळे पिवळे नव्हते. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसत होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी जवळपास नव्हत्याच. म्हणजे तो रंग रक्ताचा नव्हता, तुटलेल्या स्नायूंतून बाहेर पडलेल्या मायोग्लोबिनचा होता. साधारण दोनशेच्या आत असणारं सीपीके चाळीस हजारांवर गेलं होतं, आणि क्रिएटिनिन वाढू लागलं होतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेल्या लोकांची किडनी अशीच निकामी होताना डॉ. बायवॉटर्स यांनी नोंदवली होती. इथे ढिगारा नव्हता, पैज होती. त्यात डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि अंगात पाणी कमी, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. त्याला लगेच भरती करून भरपूर सलाईन दिलं. डायलिसिस लागलं नाही. दोन दिवस उशीर झाला असता तर हे वाक्य कदाचित वेगळं लिहावं लागलं असतं.

म्हणून हात दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी लघवीचा रंग विचारतो. ती तांबूस किंवा काळपट होत असेल, फार कमी होत असेल, हात टणक सुजला असेल, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा दुखणं तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर. स्नायूचं दुखणं दंड दाबल्यावर आणि हात हलवल्यावर वाढतं. छातीत दडपण, घाम, धाप, चालताना वाढून थांबल्यावर कमी होणारी कळ असेल तर जिमचं निमित्त सांगत घरी बसू नका, ईसीजी काढा. वय कमी असलं तरी.

भरतीला आठवडाच उरला असेल तर नवीन व्यायाम सुरूच करू नका. गोळा फेकायचा सराव नेहमीचाच, तोही मोजका ठेवा. आठवड्यात दंडात नवी ताकद येत नाही, दुखणं मात्र नक्की येतं.