शांत मुलूख

सायकलीवरच्या प्रवासाचा मोठा गुण हा, कीं त्यांत वाटेचा हिशेब पायांना द्यावा लागतो. आगगाडींतून डहाणू हें एक स्टेशन असतें; सायकलीवरून तो दिवसभराचा सहवास होतो.

ना वाटाड्या, ना वेळापत्रक! डहाणूहून मीं किनाऱ्याकिनाऱ्यानें नरपड, घोलवड, बोर्डी अशी वाट धरली. डाव्या हाताला सुरूंच्या रांगेमागें समुद्र, उजवीकडे चिकूच्या गर्द वाड्या. रस्ता सपाट असला म्हणजे मनहि सैल होतें. ‘किती शांत मुलूख हा!’ असें मीं स्वतःशींच म्हटलें.

पण रूळ ओलांडून तलासरीच्या बाजूस वळलों, चढ लागला, आणि तो शब्द मला अपुरा वाटूं लागला. १९४५ सालीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें हजारों वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करणार नाहीं, असा निर्धार करून उठले. त्याच सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें शाळाच मुलांच्या अंगणांत नेली.

वेठीच्या दिवसांतहि बाहेरच्या माणसाला हा मुलूख शांतच दिसला असेल! म्हणून मला वाटतें, अशा चढावर खुशाल उतरावें. सायकल हातीं धरून, डोईवर मोळी घेतलेल्या वारली बाईबरोबर चार पावलें चालावें. आणि मुलखाला विशेषण देण्यापूर्वीं तिचें बोलणें ऐकावें.