नाताळची सुट्टी आणि कोल्काची दरी



पेरू देशातल्या अरेकिपा शहरात स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवायला येऊन मला तीन महिने झाले. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, बटाट्याच्या माहेरी चाललीस, खाणार काय?" खरंच, बटाटा मुळात याच डोंगरांतला.

नाताळची सुट्टी जवळ आली तशी घरमालकीण म्हणाली, "आमच्या गावी चल." गाव काबानाकोंदे, कोल्का दरीच्या काठावर. ही दरी तीन हजार मीटरहून खोल आहे म्हणतात. वाटेत कोंडोर नावाची प्रचंड गिधाडं दिसतात, पण पावसाळ्यात कमी, आणि इथला पावसाळा नेमका डिसेंबरपासून. बसने सहाएक तास. मधली खिंड सुमारे ४९०० मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट! बीपीच्या गोळ्या आधी पिशवीत टाकल्या. सूर्य सहानंतर मावळतो, म्हणजे रात्रिभोजनाचाही प्रश्न नाही.

अडलं वेगळ्याच गोष्टीपाशी. घरमालकिणीची आई स्वयंपाकघरात कुई पाळते. कुई म्हणजे गिनिपिग. पाहुणा आला की एखादा कापायचा, हा तिथला मान. मी तो खाणार नाही हे उघडच होतं. पण मी न खाल्ला तरी जीव माझ्या नावानं जाणार. मुनी उद्दिष्ट आहार घेत नाहीत, हे लहानपणापासून ऐकत आले. त्याचा असा विचार मात्र कधी केला नव्हता.

आधी वाटलं, जायचंच नाही. मग वाटलं, डॉक्टरांनी मांस बंद केलंय असं सांगावं. पण तेही खोटंच, आणि त्यानं कुई थोडाच वाचणार? शेवटी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये खरं ते सांगितलं: माझ्यासाठी कुणाला मारू नका, तुमच्या घरी तुम्ही काय खाता ते तुमचं. घरमालकीण जरा वेळ गप्प बसली. वाईट वाटलं असावं. मग तिनं आईला फोन लावला.

पलीकडून हसणं ऐकू आलं. म्हातारी म्हणाली, आमच्या गावचा मका नावाजलेला आहे, भाजून देईन, चीज देईन. "पण सूप तरी पिईल ना?"

सुपात बटाटा. ते अजून सांगायचं राहिलंय. तिकिटं उद्या काढतोय, आणि मी मेतकुटाचा डबा वेगळा काढून ठेवलाय.